उजवी दहा

बाटली पडली तेव्हा मी मागच्या नळावर हात धूत होते. दोन लिटरची पाण्याने भरलेली बाटली फरशीवर पडली की एकच आवाज येतो, धप्प, आणि मागोमाग झाकण घरंगळत जातं. मी हात तसेच ओले धरून ऐकत उभी राहिले. कारण ती बाटली पडायला नको होती. ती हळूहळू खाली यायला हवी होती, लिफ्टसारखी.

आत वर्कशॉपमध्ये लेथ चालवणाऱ्या मायक्रॉनकाकांनी दुसरी बाटली बांधली. धप्प.

मग काका नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "अगं हट्टे, जरा इकडे ये गं."

हे हट्टे म्हणजे मी. पण माझ्याआधी ते नाव एका बेअरिंगचं होतं, ते सांगायला लागेल.

आमची आत्या मासे धरायची रीलं बनवते. साधी नाहीत, फ्लाय फिशिंगची. यात गळाला किडा-बिडा लावत नाहीत. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात आणि ती पाण्यावर टाकतात. माशीला वजनच नसतं, म्हणून मग दोरी जाड घेतात आणि दोरीच फेकतात, माशी आपली मागून जाते. ती दोरी ज्याच्यावर गुंडाळलेली असते ते रील. दिसायला सोपं. एक चौकट, तिच्यात फिरणारी चकती, चकतीला हँडल. खरा खेळ आत आहे. मोठा मासा लागला की तो पळतो, आणि दोरी त्याच्या मागे जायला हवी, पण सुटी नाही, धरून धरून. झटका बसला तर टोकाचा बारीक धागा तुटतो. म्हणून आत ब्रेक असतो, कार्बनची एक चकती आणि स्टीलची एक, एकमेकींवर घासणाऱ्या. आणि ब्रेक फक्त दोरी बाहेर जाताना लागला पाहिजे. आपण गुंडाळायला लागलो की हँडल हलकं फिरलं पाहिजे. हे काम एक छोटं बेअरिंग करतं, जे एका बाजूला फिरतं आणि दुसऱ्या बाजूला अजिबात फिरत नाही. काही करा, नाही म्हणजे नाही. त्याला आमच्या वर्कशॉपमध्ये 'हट्टी' म्हणतात.

मी आले त्या आठवड्यात काकांनी माझंही नाव तेच ठेवलं. वर म्हणाले, "तुझ्यात आणि त्याच्यात दोन मायक्रॉनचा फरक आहे." मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि काकांना सगळं त्यातच बोलायची सवय आहे. चहात साखर दोन मायक्रॉन कमी, आज ऊन चार मायक्रॉन जास्त. तीस वर्षं लेथवर काढली की असं होत असावं.

मी आत गेले. टेस्टिंगच्या स्टँडवर माझं रील लावलेलं होतं, हँडल उजवीकडे. वर छताच्या पुलीवरून दोरी, खाली ओलं. काकांनी ब्रेक पूर्ण आवळला होता. तरी बाटली पडली होती.

"हट्टी उलटं बसलंय," काका म्हणाले. "गुंडाळताना ब्रेक लागतोय, सोडताना मोकळं. मासा पळाला तर नदीच्या पार जाईल आणि आपण हँडलशी कुस्ती खेळत बसू."

"उलटं नाही," मी म्हणाले. "स्टँडवर डाव्या बाजूने लावा. मग बघा."

काकांनी चष्मा कपाळावर नेला. "डाव्या बाजूने का लावू?"

"कारण ती डावी आहेत."

"ती?"

"दहाच्या दहा."

काकांनी रील काढलं, फिरवून लावलं, हँडल डावीकडे. दोरी पुन्हा भरली, तिसरी बाटली बांधली. ती अशी सुंदर उतरली की काय सांगू. कुठे थांबली नाही, कुठे धक्का नाही, जमिनीला टेकेपर्यंत एकाच चालीत. मी मुद्दाम काकांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बघत होते.

चिठ्ठी आत्याच्या अक्षरात होती. 'नदीवाला. उजवी दहा. शनिवारी.'

आमच्याकडे उजवं रील म्हणजे ज्याचं हँडल उजव्या हाताने फिरवायचं ते. काकांच्या आधीपासूनचा शब्द आहे. ड्रॉइंगवर, डब्यावर, सगळीकडे तोच अर्थ. आणि मी दहाही रीलांत बेअरिंगं डाव्या बाजूची करून बसवली होती. प्रेसखाली दाबून, कडेने तो हिरवा गोंद लावून. आत्याच्या डिझाइनमध्ये हट्टी कायमचं बसवतात. बाहेरच्या रीलांत ते काढून फिरवता येतं, पण आत्या म्हणते, काढता येणारी वस्तू एक दिवस हलायला लागते. एकदा बसलं की ते हबचा, म्हणजे चकतीच्या मधल्या गाभ्याचा, भागच झालं. ओढून काढलं तर हबचं भोक खरवडतं आणि दोन्ही भंगारात.

"चुकून झालं असेल तर आत्ताच सांग," काका हळूच म्हणाले. "मी बोलतो तिच्याशी."

"चुकून नाही झालं. मी बघितलंय त्याला."

नदीवाला ऑर्डर द्यायला आला तेव्हा मी खालचा धातूचा कीस झाडत होते. माझं काम तेव्हा तेवढंच होतं, झाडणं, भागांच्या धारा कानशीने मोडणं आणि जुळणी. लेथला हात लावायचा नाही. आत्याचं वाक्य ठरलेलं होतं, सैल केस, सैल बाही आणि सैल डोकं लेथवर चालत नाही. केस आणि बाहीचं बघू, म्हणायची.

तर नदीवाला. हा माणूस लोकांना होडीतून मासेमारीला नेतो, त्याला दहा रीलं एकसारखी हवी होती. आत्याने विचारलं, "उजवी ना?" तो म्हणाला, "उजवी, नेहमीसारखी." आणि बोलता बोलता कुठल्यातरी मोठ्या माशाची गोष्ट सांगत होता. त्याचा उजवा हात समोर, मूठ धरलेली, आणि डावा हात हवेत गोल गोल फिरत होता. म्हणजे रॉड उजव्यात, गुंडाळणं डाव्याने. आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, पेराच्या आतल्या बाजूला, एक काळी बारीक चीर होती. तिथून दोरी जाते. वर्षानुवर्षं गेली की चीर पडणारच. त्याचं 'उजवं' म्हणजे रॉडचा हात. आत्याने ऐकलं ते आमचं 'उजवं'.

मी हे सगळं तिथल्या तिथे बघितलं आणि कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे आत्याने मला बाटली पडली त्याच संध्याकाळी विचारलं.

आत्या रंगाच्या कारखान्यातून परत आली होती, आमच्या चकत्या तिथे रंगायला जातात. काकांनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्यांशी बोलता येतं. तिने पिशवी खाली ठेवली, एक रील उचललं, कानाशी नेऊन फिरवलं. मग चौकट आणि चकती यांच्यामधल्या फटीत नख घालून बघितलं. ती फट दोरीपेक्षा बारीक लागते, नाहीतर दोरी आत अडकते. फट बरोबर होती. जुळणी उत्तम होती. ते तिच्या तोंडावर दिसलं आणि तेच मला जास्त लागलं.

"मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मी त्याला फोन केला असता."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच.

"मग आत्ता कर," मी म्हणाले.

"तो होडी घेऊन नदीत वर गेलाय. शनिवारपर्यंत तिकडे फोन लागत नाही." तिने कपाट उघडून बेअरिंगचा डबा हलवला. आत खुळखुळ दोनच. "ही दोन. बाकीची यायला तीन आठवडे. चुकलीस तर त्याचा सगळा मोसम गेला."

"मी चुकलेली नाहीये."

"फळ्यावरचं गणितही तुझंच बरोबर होतं ना?" आत्या म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

ते गणित माझंच बरोबर होतं. सरांनी अख्ख्या वर्गासमोर चुकीचं सोडवलं, मी सांगितलं, ते म्हणाले खाली बस, मी नाही बसले. मग डस्टर उडालं. कुणाला लागलं नाही, खिडकीला लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. बाबांनी महिनाभर समजावलं, मग बोलणंच सोडलं, आणि मला त्यांच्या मोठ्या बहिणीकडे आणून सोडलं. आत्याने तीन महिन्यांची बोली केली होती. तीन महिने ठेवते, मग सांगते ही कामाची आहे की शाळेत घालायची. तीन महिने रविवारी संपत होते. रविवारी बाबा येणार होते.

म्हणजे शनिवारी नदीवाल्याने रील कुठल्या हाताने फिरवलं, त्यावर माझं सगळं लटकलं होतं. त्या बाटलीसारखंच.

शुक्रवारी काही झालं नाही. काकांनी लेथवर पुढच्या चकत्यांचे गोळे लावले. अॅल्युमिनियमचा जाड दांडा, त्याचा वडीसारखा कापलेला तुकडा, आणि त्यातून बाहेर येते चारदोन तोळ्यांची जाळीदार चकती. बाकी सगळा कीस. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हणाले होते, इतकं फेकायचं तर एवढं घ्यायचं कशाला. काका म्हणाले होते, फेकत नाही, मासा ओढेल तेवढंच ठेवतो. त्या शुक्रवारी मी दिवसभर कीस झाडला. पाठीमागून काकांचा आवाज.

"हट्टे, जेवलीस का?"

"भूक नाही."

"किती मायक्रॉन नाही?"

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

शनिवारी सकाळी नदीवाला आला. चिखलाचे बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आला, आत्याला म्हणाला, "बाई, तयार?" आत्याने एक शब्द बोलायचा नाही असं मला आधीच सांगून ठेवलं होतं. तिने पहिलं रील त्याच्या हातात दिलं आणि फक्त म्हणाली, "लावून बघा."

त्याने भिंतीजवळची रॉड घेतली, रील तिच्या बुडाला लावलं, कडी आवळली. हँडल डावीकडे. त्याने उजव्या मुठीत रॉड धरली, डाव्याने हँडल फिरवलं, मग दोरीचं टोक काकांच्या हातात देऊन म्हणाला, "पळा." काका लेथपासून दारापर्यंत मोठ्या रुबाबात पळाले, मासा झाले. ब्रेक असा बोलला, सर्रर्र, एकसारखा.

"हेच," नदीवाला म्हणाला. "हेच पाहिजे होतं."

"तुम्ही उजवी म्हणाला होता," आत्या म्हणाली.

"उजवीच की. रॉड उजव्या हातात."

"आमच्याकडे उजवं म्हणजे हँडल उजव्या हातात."

"असं होय?" तो थांबला. रीलाकडे बघितलं. "मग हे चुकून बरोबर झालं?"

"चुकून नाही. हिने बघून केलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगते, मी जमिनीवर नव्हते. तोंडाशी एक वाक्य तयारच होतं, आत्याला ऐकवायचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "आता यातली दोन फिरवून द्या, की मी निघतो."

"फिरवून म्हणजे?"

"हँडल उजव्या हाताला. माझे दोन जुने पाहुणे आहेत, एकाचा डावा खांदा गेलाय, दुसरा नुसताच जुन्या वळणाचा आहे. ते उजव्यानेच गुंडाळतात." तो रील उलटसुलट करून स्क्रू शोधायला लागला. "माझ्या जुन्या रीलांत इथे स्क्रू असायचा. काढला की बाजू बदलायची. यात कुठेय?"

काकांनी दोरी गुंडाळायला घेतली.

"यात नाही," आत्या म्हणाली. "यात बसवलं ते कायमचं."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

माझ्या तोंडातलं वाक्य कुठे गेलं कळलं नाही. मी त्याची बोटं बघितली होती, हात बघितला होता, चीरसुद्धा बघितली होती. त्याचे पाहुणे मी कशी बघणार? एक फोन केला असता तर तो हे सगळं एका दमात बोलला असता. आठ बरोबर होती. दोन नव्हती. आणि तो समोर उभा राहून नसलेला स्क्रू शोधत होता.

"मी विचारायला हवं होतं," आत्या म्हणाली. "चूक माझी आहे. ऑर्डर मी घेतली."

इतकंच. पाणी मागावं तसं म्हणाली. तिचं तोंड पडलं नाही, आवाज चढला नाही. मी जन्मात कुणाला असं म्हणताना ऐकलं नव्हतं. सर म्हणाले नव्हते, आणि खरं बघायला गेलं तर त्या डस्टरबद्दल मी पण नव्हते म्हणाले.

"आणि माझी," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "मी कुणालाच नाही विचारलं."

नदीवाला आमच्या दोघींकडे बघून म्हणाला, "अहो दोनच तर आहेत. आठ नेतो. दोन सोमवारी द्या. खांदेवाले गृहस्थ तसेही बुधवारी यायचेत."

तो गेला. आत्याने कपाटातून तो डबा काढला, दोन बेअरिंगं टेबलावर ठेवली. त्यांच्यासाठी दोन नवे हब लागणार होते. हब चकतीच्या आत असतो, त्याला रंग लागत नाही, एका दिवसात होतो. मला वाटलं काका करतील. आत्या ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत होती. तिला केसांचं रबर सापडलं, ते तिने माझ्याकडे फेकलं.

"केस बांध," ती म्हणाली.

पहिला हब मी बिघडवला. भोक तीन मायक्रॉन मोठं झालं, हे काकांनी सांगितलं आणि यावेळी ते खरंच मायक्रॉन होते. धातू खूप होता, वेळही होता. दुसरा आणि तिसरा बरोबर आले. गार पाण्यासारखं तेल हातावर उडत होतं, आणि कीस चकचकीत कुरळा होऊन माझ्या बुटात जात होता, काढायचं मला भान नव्हतं. प्रेसपाशी आले तेव्हा बेअरिंगवरचा, ते मोकळं फिरतं ती बाजू दाखवणारा बाण मला चांगला दिसत होता. कुठे न्यायचा तेही माहीत होतं.

"आत्या, बाण कुठल्या बाजूला?"

"ऐकलंत का," काका लेथला म्हणाले. "हट्टीने विचारलं."

"हँडलच्या बाजूने बघून, घड्याळाच्या काट्यासारखा मोकळा," आत्या म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "थांब, मीही बघते." आणि आली, वाकली, दोघींनी मिळून बघितलं.

रविवारी दुपारी बाबा आले. दारात चपला काढू की नको या विचारात उभे राहिले, मग आत्या म्हणाली, "राहू दे, कीस टोचेल," तेव्हा आत आले. काकांनी त्यांना स्टूल दिलं. मी मान खाली घालून दुसरं रील जुळवत होते. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, बांधलेल्या केसांकडे, मग बहिणीकडे.

"काय ताई. कशी आहे?"

आत्याने काही लपवलं नाही. दहाच्या दहा न विचारता केली, आठ बरोबर निघाली, दोन चुकली, दोन पुन्हा केली, एक हब वाया घालवला. सगळं याच क्रमाने सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं.

"मग?" बाबा म्हणाले.

"मग मी ठेवून घेते. मला चालतेय. पण मी एकटीने ठरवायचं नाही, तिलाही विचार."

टेबलावर तयार झालेलं पहिलं रील होतं, ते बाबांनी उचललं. बाबांनी आयुष्यात मासा धरलेला नाही. आमच्या घरात कुणीच नाही. पण ते रील हातात घेतलं की कुणालाही ते फिरवावंसं वाटतं, मी बघितलंय, पोस्टमनलाही वाटतं.

"मला इथे राहायचंय," मी म्हणाले. "गणित सोडणार नाही. इथे तसंही लागतं. परीक्षा बाहेरून देता येते म्हणे, काका चौकशी करतायत."

"आणि कुणाशी भांडलीस तर?"

"भांडेन," मी म्हणाले. "पण आधी विचारेन."

बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसले की नाही सांगता येत नाही, त्यांचं हसणं मोजायला काकांचा मायक्रोमीटर लागेल. ते रील फिरवत होते. आधी उजव्या हाताने, थोडं अडखळत, मनगट उचलून. मग रील उलटं करून डाव्या हाताने. डाव्याने त्यांचा हात आपोआप खाली आला, खांदा सैल झाला. मी ते लगेच बघितलं.

"बाबा, कुठल्या हाताने सोपं जातंय?"

त्यांनी पुन्हा उजव्यात घेतलं. मग डाव्यात. भुवया आक्रसून विचार करायला लागले, जणू कुणीतरी त्यांना पहिल्यांदाच असलं काही विचारलंय.

मला उत्तर माहीत होतं. मी हातातला स्क्रू खाली ठेवला आणि त्यांची वाट बघत राहिले.